गाठ कशी मारावी (आणि कशी शिकवावी)

आयटीत काम करणाऱ्यांना 'केटी' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो : नॉलेज ट्रान्सफर. एक माणूस प्रोजेक्ट सोडून चाललेला असतो, त्याच्या जागी दुसरा आलेला असतो, आणि पहिल्याने दुसऱ्याला चार वर्षांचं ज्ञान दोन आठवड्यांत द्यायचं असतं. पहिला भराभर स्क्रीन बदलत जातो. "हे असं आहे, हे सोपं आहे, हे काय, तू काम करायला लागलास की कळेलच." दुसरा मान डोलावत राहतो. शेवटी एका एक्सेल शीटमध्ये 'केटी कम्प्लीटेड' हा रकाना हिरवा होतो. पुढच्या सोमवारी पहाटे प्रॉडक्शनवर काहीतरी कोसळतं आणि तिथून खरं शिक्षण सुरू होतं.

आपल्याला वाटतं हे दुखणं आपल्याच धंद्याचं. तसं नाहीये. कारखान्यांमध्ये हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी येऊन गेला, त्यावर एक बऱ्यापैकी उत्तर सापडलं, ते साडेसतरा लाख लोकांना शिकवून झालं, आणि मग ज्यांनी ते शोधलं तेच विसरले. गेले काही वीकेंड मी त्याच्या मागे लागलो होतो.

तर, १९४० चा उन्हाळा. मे महिन्यात रुझवेल्टने अमेरिकन काँग्रेसपुढे वर्षाला ५०,000 विमानं बनवण्याची भाषा केली. जूनमध्ये फ्रान्स पडला. अमेरिका अजून युद्धात नव्हती, पण येणार हे दिसत होतं. कारखाने होते, पैसा उभा राहत होता, बेकारांची तर रांगच होती. नव्हते ते कुशल कामगार. मंदीची दहा वर्षं कोणी नवीन पोरं कामावर घेतली नव्हती, त्यामुळे अप्रेंटिस म्हणून तयार झालेली एक अख्खी पिढीच गायब होती. जे जुने जाणते होते ते म्हातारे होत चालले होते, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं : आमचं काम शिकायला पाच वर्षं लागतात. आम्हालाही लागली.

ऑगस्ट १९४० मध्ये सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचं एक छोटं खातं काढलं. टीडब्ल्यूआय. ते चालवायला चौघेजण आणले. चॅनिंग डूली तेल कंपनीतून, वॉल्टर डायट्झ वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून, माइक केन एटी अँड टीमधून आणि विल्यम कॉनोव्हर यूएस स्टीलमधून. चौघेही आपापल्या कंपनीत माणसं तयार करण्याच्या कामात मुरलेले. हे 'विदिन' महत्त्वाचं आहे बरं का. कामगाराला शाळेत पाठवायचं नाही, तो जिथे काम करतो तिथेच, त्याच मशीनवर, त्याच्याच वरच्या माणसाने त्याला शिकवायचं. म्हणजे शिकवायचं होतं ते कामगाराला नव्हे, त्या वरच्या माणसाला.

पहिली परीक्षा लगेच आली. सरकारी शस्त्र कारखान्यांना दुर्बिणी, बॉम्बसाइट, तोफांची नेम धरायची यंत्रं यांच्यासाठी भिंगं हवी होती, आणि ती घासणारे कारागीर मिळत नव्हते. साधारण ३५० माणसं हवी होती. आकडा ऐकायला किरकोळ आहे, पण असे कारागीर बाजारात नव्हतेच. माइक केन स्वतः जाऊन कामाशेजारी उभा राहिला आणि बघत बसला. त्याच्या लक्षात आलं की 'भिंग घासणे' हे एक काम नाही, ती वीसेक कामांची मोळी आहे. त्यातली बरीचशी कामं नव्या माणसाला थोड्या दिवसांत शिकवता येतात. खरोखर वर्षानुवर्षांचा हात लागतो तो मोजक्या कामांना. मग जाणत्या कारागिरांनी फक्त तीच करावीत आणि उरलेल्या कामांवर नवी माणसं घ्यावीत. पाच वर्षांचं शिक्षण काही महिन्यांवर आलं.

इथे थोडं थांबायला हवं. 'पाच वर्षं लागतात' हे म्हणणं खोटं होतं का? नाही. लागतच होती. पण का लागत होती? कारण शिकवायची पद्धतच नव्हती. नव्या पोराने जुन्याच्या शेजारी उभं राहायचं, हत्यारं उचलून द्यायची, शिव्या खायच्या आणि जमेल तसं टिपायचं. जपानमध्ये तर म्हणतातच की कला शिकायची नसते, गुरूकडून चोरायची असते. आपल्याकडे गिरणगावात काय वेगळं होतं? नवा माणूस गाववाल्याच्या किंवा मामाच्या ओळखीने खात्यात शिरायचा, मागावर त्याच्या बाजूला उभा राहून हात साफ करून घ्यायचा आणि बदली म्हणून दाराशी उभा राहायचा. त्याच्यावर असायचा जॉबर. कामावर घेणं, काढणं, काम दाखवणं, सगळं त्याच्या हातात, आणि त्या बदल्यात दस्तुरी. १९३१ च्या व्हिटली कमिशनच्या अहवालात या जॉबरशाहीवर बरंच लिहिलं आहे. ज्याला काम येतं तो ते फुकट का सांगेल, हा प्रश्न तेव्हाही होता. त्याच्याकडे विकायला दुसरं काय होतं? तो लबाड नव्हता, आपलं भांडवल सांभाळत होता.

असो. या मुद्द्याकडे परत यायचंच आहे.

भिंगांवरून मिळालेला धडा डूली मंडळींना सगळीकडे वापरायचा होता. त्यासाठी त्यांनी नवीन काही शोधायच्या भानगडीत न पडता पहिल्या महायुद्धातलं एक पुस्तक बाहेर काढलं. तेव्हा, १९१७ मध्ये, अमेरिकेला अचानक जहाजं हवी होती आणि गोद्यांमध्ये माणसं नव्हती. मॅसॅच्युसेट्समधला चार्ल्स अ‍ॅलन नावाचा व्यवसाय-शिक्षणातला माणूस या कामाला लावला गेला. त्याने ठरवलं की जहाज बांधणाऱ्या कारागिरालाच शिक्षक बनवायचं, आणि त्याला चार पायऱ्या दिल्या : तयारी, मांडणी, उपयोजन, चाचणी. १९१९ मध्ये त्याने यावर पुस्तकही लिहिलं.

तुमच्या घरात कोणी डीएड-बीएड केलेलं असेल तर एव्हाना त्यांचे कान टवकारले असतील. हर्बार्टची पंचपदी! तीच ती, पाठाच्या टाचणात 'प्रस्तावना' पासून 'उपयोजना' पर्यंत रकाने भरायला लावणारी. हर्बार्ट (१७७६–१८४१) हा जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्या चेल्यांनी त्याच्या विचारांच्या पाच पायऱ्या केल्या आणि त्या जगभरच्या अध्यापन महाविद्यालयांत गेल्या. अ‍ॅलनच्या चार पायऱ्यांचं कूळ तेच. म्हणजे जी पंचपदी आपल्याकडे एखाद्या मावशीने पाठ घेताना तपासनिसासाठी रंगीत शाईने लिहून काढली, तिचीच चुलत बहीण जहाजांना रिव्हेट मारायला शिकवत होती. शाळेत तिचं कर्मकांड झालं, गोदीत नाही झालं. कारण सोपं आहे. गोदीत शिकवणं फसलं तर ते दुसऱ्या दिवशी जहाजाच्या पत्र्यावर दिसतं.

टीडब्ल्यूआयने १९४१ पासून या पायऱ्यांचा एक कोर्स केला, जॉब इन्स्ट्रक्शन. एकूण दहा तास. दोन-दोन तासांची पाच सत्रं, एका वेळी दहाच माणसं. समोर बसायचे ते फोरमन, सुपरवायझर, लाइनवरचे जुने हात. आणि त्याची सुरुवात एका गाठीने व्हायची.

जुन्या घरात छताला लोंबणारा दिवा असतो ना, त्याच्या होल्डरचं झाकण उघडून बघा (मेन स्विच बंद करून, प्लीज). आत दोन वायरींची एक गाठ दिसेल. वायर ओढली गेली तर ताण स्क्रूवर न येता गाठीवर यावा म्हणून ती मारतात. अमेरिकेत तिला विमा कंपन्यांवरून नाव पडलेलं आहे, कारण आग लागू नये म्हणून ती असायची. मारता येणाऱ्याला पाच सेकंदांचं काम.

ट्रेनर वर्गातल्या एकाला पुढे बोलवायचा आणि ती गाठ कशी मारायची ते फक्त तोंडाने सांगायचा. उजवं टोक असं घे, मुख्य वायरच्या पुढून वळसा दे, डावं टोक त्याच्या खालून, मागून, मग फासातून... मग वायर त्याच्या हातात द्यायचा. मार. जमायचं नाही. हशा. मग दुसऱ्याला बोलवायचा आणि न बोलता नुसती करून दाखवायचा. समोरून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसायचं, डाव्याचं उजवं. त्यालाही जमायचं नाही. आता हसणारे जरा कमी व्हायचे, कारण प्रत्येकाला कळायचं की आपण आपल्या खात्यात नव्या पोराला हेच करतो. तोंडाने सांगतो किंवा करून दाखवतो, आणि वर म्हणतो, हल्लीच्या पोरांना अक्कल नाही.

मग तिसऱ्या माणसाला ट्रेनर आपल्या शेजारी उभं करायचा, समोर नाही. त्याला आधी बोलतं करायचा, याआधी काही केलंय का, ते विचारायचा. एकदा करून दाखवायचा, प्रत्येक टप्पा थांबून, नाव घेऊन. पुन्हा दाखवायचा, या वेळी प्रत्येक टप्प्यातली खुबी सांगत. मग त्याच्याकडून करून घ्यायचा. आधी गुपचूप, मग टप्पे सांगत, मग खुब्या सांगत. चुकला तर तिथल्या तिथे थांबवायचा. शेवटी त्याला एकटं सोडायचं, पण अडलास तर कुणाला विचारायचं तेही सांगून, आणि मध्ये मध्ये जाऊन बघत राहायचं, हळूहळू कमी करत. जमायचं! दहातल्या प्रत्येकाला जमायचं.

या 'खुबी' ला त्यांनी 'की पॉइंट' म्हटलं. मराठीत याला त्याहून चांगला शब्द आहे : ग्यानबाची मेख. काम जिथे साधतं किंवा बिघडतं, जिथे बोट कापू शकतं, किंवा जिथे एखादी युक्ती काम सोपं करते, अशा जागा. प्रत्येक फोरमनने आपल्या कामाचा एक कागद करून आणायचा, डावीकडे टप्पे, उजवीकडे मेखा. आणि इथेच जाणत्यांची गोची व्हायची. वीस वर्षं काम करणाऱ्याला त्यातल्या मेखा दिसतच नाहीत, त्या हातात गेलेल्या असतात. जो जितका पारंगत, तितका त्याला आपण काय करतो ते सांगता येत नाही. आपल्याकडचा सगळ्यात हुशार आर्किटेक्ट केटी द्यायला सगळ्यात वाईट का असतो, हे मला या एका कागदामुळे कळलं.

कोर्स संपल्यावर प्रत्येकाला खिशात मावेल असं एक कार्ड मिळायचं. त्यावर या चार पायऱ्या आणि खाली एक ओळ, जिचा अर्थ असा की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. हे वाक्य आता पोस्टरवर शोभेल असं वाटतं, पण १९४१ च्या अमेरिकन फोरमनला ते जिव्हारी लागणारं होतं. तोपर्यंत दोष नेहमी शिकणाऱ्याचा असायचा.

कोर्स देणाऱ्या ट्रेनरवरही कडक बंधनं होती. मॅन्युअलमध्ये मिनिटामिनिटाचं लिहिलेलं, फळ्यावर काय लिहायचं तेसुद्धा, आणि पाठ असलं तरी मॅन्युअल समोर ठेवूनच शिकवायचं. स्वतःची प्रतिभा दाखवायची नाही. मला हे आधी खटकलं. इतक्या चांगल्या शिक्षकांना पोपट का करायचं? पण त्यांचं गणित वेगळं होतं. थोड्यांनी काहींना तयार करायचं, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. अशा साखळीत प्रत्येक कडीने थोडी थोडी भर घातली तर चौथ्या कडीला काय पोचेल ते चायनीज व्हिस्पर खेळलेल्या कुणालाही ठाऊक आहे. १९४२ आणि ४३ मध्ये आणखी दोन कोर्स आले, एक कामाची पद्धत सुधारायचा (जॉब मेथड्स) आणि एक माणसं सांभाळायचा (जॉब रिलेशन्स). सप्टेंबर १९४५ मध्ये खातं बंद झालं तेव्हा १६,५११ कारखान्यांत १७,५०,६५० प्रमाणपत्रं दिलेली होती.

परिणामांचेही आकडे आहेत. सहाशे कंपन्यांच्या पाहणीत ८६ टक्क्यांनी उत्पादन निदान २५ टक्के वाढल्याचं सांगितलं, ५५ टक्क्यांनी स्क्रॅप तेवढंच कमी झाल्याचं, आणि शिकवण्याचा वेळ पाव हिश्शाने किंवा जास्त घटला असं म्हणणाऱ्या कंपन्या किती? १०० टक्के. कुठल्याही रिपोर्टमध्ये १०० टक्के दिसले की माझ्यातला टेस्टर जागा होतो. ही माहिती कंपन्यांनी स्वतःच दिलेली, आणि युद्धात उत्पादन तसंही वाढणारच होतं. तरी सगळा आकडा फुगवलेला धरला तरी मूळ गोष्ट उरते : ज्यांनी कधी ड्रिल हातात धरलं नव्हतं अशा लाखो लोकांनी विमानं, जहाजं, तोफा बनवल्या, त्यात प्रचंड संख्येने बायका होत्या, आणि त्यांना शिकवणारे त्यांच्याच लाइनवरचे लोक होते.

आता तो मघाचा मुद्दा. ज्याच्याकडे काम आहे तो ते का सांगेल?

१९४२ मध्ये याला उत्तर होतं : युद्ध. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ आघाडीवर होता. शिवाय काम इतकं होतं की नवा माणूस आल्याने जुन्याचं काही जात नव्हतं. टीडब्ल्यूआयने कामगार संघटनांच्या लोकांनाही सल्लागार म्हणून बरोबर घेतलं होतं, त्याचाही उपयोग झाला. पण एक लक्षात घ्या. पाच वर्षांची विद्या वीस तुकड्यांत मोडली की प्रत्येक तुकडा शिकवायला सोपा होतो, आणि तुकडा करणारा बदलायलाही सोपा होतो. शिकवण्याची उत्तम पद्धत ही माणूस बदलण्याचीही उत्तम पद्धत असते. पद्धतीत तसं काही लिहिलेलं नाही, पण ते तिच्या पोटात आहे. १९४५ मध्ये सैनिक परतले तेव्हा त्या बायकांना घरी जायला सांगण्यात आलं. अनेकींना जायचं नव्हतं. त्या कामाला लवकर लागल्या होत्या तितक्याच लवकर बाहेर पडल्या.

युद्ध संपलं तसं कारणही संपलं. अमेरिकन कारखान्यांना जगात स्पर्धक उरला नव्हता, बनेल ते खपत होतं, संघटना आणि मालक पुन्हा समोरासमोर उभे ठाकले. मॅन्युअलं कपाटात गेली. ब्रिटनने १९४४ मध्येच ही पद्धत उचलली होती. पुढे आयएलओच्या मदतीने ती आशियात पसरली, पन्नाशीच्या दशकात भारतातही आली, कापड गिरण्यांपर्यंत पोचली. पण जॉबरच्या राज्यात दहा तासांचा कोर्स किती टिकणार? जिथे जॉबरच्या हातातलं 'कोण राहणार, कोण जाणार' हे बदललं नाही, तिथे तो शिकवायला कसा तयार होणार? हे माझं मत, पण मला ते नीट बसतं असं वाटतं.

कारण जपानमध्ये नेमकं ते बदललं.

युद्धानंतर जपानवर अमेरिकेचा ताबा होता. ताबेदारांना उद्योग उभे करायचे होते, आणि कारखान्यांत सुपरवायझर नावाची चीज कच्ची आहे असं त्यांचं निदान होतं. १९५१ मध्ये क्लीव्हलँडच्या लोवेल मेलनच्या कंपनीला काम दिलं गेलं. युद्धकाळात टीडब्ल्यूआय शिकवलेली मोजकी माणसं जपानला गेली आणि त्यांनी पहिले जपानी ट्रेनर तयार केले. तीच मॅन्युअलं, तेच कार्ड, तीच गाठ. तिथून साखळी अशी वाढली की पुढच्या पंधराएक वर्षांत कोर्स केलेल्या जपान्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली.

त्यात एक होती टोयोटा. आज आपण टोयोटाकडे काशीसारखं बघतो, पण १९५० मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर होती. बँकांनी कर्ज दिलं ते माणसं कमी करण्याच्या अटीवर. दोन महिने संप चालला. जूनमध्ये संस्थापक किइचिरो टोयोदाने राजीनामा दिला आणि आठ हजारांतले दोन हजारांच्या वर कामगार बाहेर पडले. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि ट्रकच्या ऑर्डरी आल्या, तो नशिबाचा भाग. पण त्या संपाची धास्ती दोन्ही बाजूंनी घेतली. उरलेल्यांना पुन्हा काढायचं नाही, आणि त्यांनी कारखाना आपला मानायचा, अशी समजूत हळूहळू घट्ट होत गेली. १९६२ मध्ये कंपनी आणि संघटना यांनी संयुक्त जाहीरनामा काढून ती कागदावरही आणली.

टीडब्ल्यूआय टोयोटात शिरली ती या संपाच्या पाठोपाठ. आणि तिथे ती कोर्स म्हणून राहिली नाही, रोजच्या कामात मुरली. लाइनवर पाच-सहा जणांच्या मागे एक टीम लीडर, आणि शिकवणं हे त्याचं मुख्य काम. कामाच्या कागदावर तिसरा रकाना आला : ही मेख का आहे? 'का' लिहिलं की कामगार नियम पाळण्यापलीकडे जातो, तो बदलायला सुचवू शकतो. तैइची ओनोने पुढे जी उत्पादन पद्धत उभारली, तिच्यात प्रत्येक कामाची ठरलेली रीत हा पाया आहे. ती रीत माणसांपर्यंत पोचवली ती या दहा तासांच्या कोर्समधल्या चार पायऱ्यांनी.

पद्धत तीच, गाठ तीच. माझ्या मते फरक एवढाच, की तिथला जुना कामगार आपली विद्या देताना आपलीच खुर्ची देत नव्हता. 'कला चोरायची असते' म्हणणाऱ्या देशात लोक आपण होऊन शिकवायला लागले, हा स्वभावाचा चमत्कार नाही. दोन हजारच्या दशकात अमेरिकेतल्या किती कर्मचाऱ्यांनी आपल्याच बदली माणसाला केटी दिली ते आठवा. समोर वही घेऊन बसलेले आपणच होतो. त्यांनी काही मेखा सांगितल्या नसतील तर त्याला वाईट ट्रेनर म्हणायचं का? आणि आता आपल्याकडून "तुमच्या डोक्यातलं सगळं लिहून काढा" म्हटलं जातं तेव्हा आपला हात जड का होतो, हेही जरा विचारून बघा स्वतःला :-)

गोष्टीचा शेवटचा तुकडा मात्र मला सगळ्यात आवडतो.

१९८२ मध्ये जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना बंद केला. गैरहजेरी, दारू, संप, यांसाठी तो बदनाम होता. दोन वर्षांनी तोच कारखाना टोयोटा आणि जीएमने भागीदारीत पुन्हा उघडला. नाव नूमी. कामगार बहुतेक तेच जुने, संघटनाही तीच. त्यांच्या टीम लीडरना गटागटाने जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवलं गेलं, जपानी ट्रेनरच्या शेजारी उभं राहून शिकायला. कंपनीने शब्द दिला होता की अगदी गळ्याशी आल्याशिवाय कोणाला काढणार नाही. १९८८ मध्ये गाड्यांची विक्री पडली, कारखाना निम्म्याच्या जरा वर क्षमतेने चालू होता, तरी कोणाला काढलं नाही. रिकाम्या माणसांना ट्रेनिंगला बसवलं. ज्या कारखान्याला जीएम सर्वांत वाईट मानत होती तो थोड्याच काळात तिच्या सर्वांत चांगल्या कारखान्यांपैकी एक झाला.

या कामासाठी टोयोटाने जॉन शूक नावाच्या एका अमेरिकन तरुणाला १९८३ मध्ये जपानमध्ये नोकरीवर घेतलं होतं. टोयोटाचं ट्रेनिंग अमेरिकनांना समजेल अशा रूपात आणायचं हे त्याचं काम. एका ठिकाणी त्याचं अडलं. काम शिकवण्याची ही जपानी रीत इंग्रजीत मांडायची कशी, ते काही केल्या बसेना. त्याचे साहेब इसाओ काटो, टोयोटात ट्रेनिंगचं साहित्य तयार करण्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी कपाटातून एक जुनी, धूळ बसलेली, कोपरे दुमडलेली फाइल काढून त्याच्यापुढे ठेवली. शूकने उघडली. आत सगळं आधीपासूनच इंग्रजीत होतं. टीडब्ल्यूआयचं मूळ अमेरिकन मॅन्युअल, चाळीस वर्षांपूर्वीचं.